आरोग्यसेविका घडताना

धानाची रोवणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातील गावे दिवसभर ओस पडतात. घरी राहतात ती म्हातारी माणसे, लहान मुले आणि दिवस भरत आलेल्या गर्भवती. बाकी सारे गाव बांध्यांतून गुडघाभर चिखलात वाकलेले असते. अशा दिवसांत एखादीला कळा सुरू झाल्या, एखादे मूल तापाने फणफणले, एखाद्याला धुऱ्यावर साप चावला, तर घरच्या माणसांना पहिली आठवण होते ती उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेची. वैद्यकीय अधिकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. तज्ज्ञ डॉक्टर भंडाऱ्याला किंवा नागपूरला असतो. गावाच्या हाकेच्या अंतरावर असते ती हीच. शासनाच्या आरोग्यसेवेचा खेड्यातल्या माणसाने पाहिलेला चेहरा बहुतेक वेळा तिचाच असतो.

ही आरोग्यसेविका घडते कशी, तिच्या शिक्षणाला पैसा कोठून येतो, अभ्यासात तिला आधार कोण देतो आणि या वाटेवर मुली गळतात त्या नेमक्या कोठे गळतात, हा आजच्या भाषणाचा विषय होय. विषय जिल्ह्याच्या गरजेचा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आहे आणि तीपैकी साडेनऊ लाखांहून अधिक माणसे खेड्यांत राहतात. सपाटीच्या भागात दर ५,००० लोकसंख्येमागे व आदिवासी वा डोंगराळ भागात दर ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा संकेत आहे. जिल्ह्यातील उपकेंद्रांची संख्या त्यामुळे दोनशेच्या घरात जाते. यांपैकी प्रत्येक उपकेंद्राला किमान एक प्रशिक्षित आरोग्यसेविका हवी. ती सेवानिवृत्त झाली, बदलून गेली, तर तिच्या जागी दुसरी हवी. ती काही आयत्या वेळी कोठून आणता येत नाही. दोन वर्षे आधीच तिला घडवावे लागते.

तिच्याकडून अपेक्षा तरी केवढ्या! गर्भवतींची नोंद व तपासणी, प्रसूती, बालकांचे लसीकरण आणि कुटुंब कल्याण ही कामे तर सर्वत्रच आहेत. पण विदर्भाच्या या पूर्व भागात त्यांत आणखी भर पडते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार येथील अनेक समाजांत आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. ही गोष्ट लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना समजावून सांगणे, बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी करणे आणि ती सदोष आली तर पक्क्या निदानासाठी नमुना पुढे पाठविणे हे काम अखेर गावपातळीवरच होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याची खरी कसोटी अशा उपकेंद्रांतच लागावयाची आहे. हत्तीरोगाचेही तसेच. त्याचे सूक्ष्म जंतू रात्रीच्या वेळी रक्तप्रवाहात वर येतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घरोघर फिरून घ्यावे लागतात. मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या माणसाला गावाने दार उघडावे, यासाठी ती व्यक्ती गावाच्या ओळखीची असावी लागते. तिची भाषाही ओळखीची असावी लागते. झाडीबोलीत दुखणे सांगणाऱ्या म्हातारीचे म्हणणे ज्या मुलीला दुभाष्याशिवाय कळते, तिचे मोल कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. म्हणूनच जिल्ह्याच्या आरोग्यसेवेसाठी जिल्ह्यातल्याच मुली शिकल्या पाहिजेत, हा आग्रह केवळ प्रांतप्रेमाचा नव्हे.

आता या शिक्षणाच्या इतिहासाकडे थोडे वळावे लागेल, कारण आर्थिक आधाराचा प्रश्न त्याच्या जन्माबरोबरच आलेला आहे. महाराष्ट्रात चांगल्या घरच्या स्त्रियांनी परिचारिका व्हावे, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी समाजाला मानवत नव्हती. परक्या पुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी, सर्व जातींच्या रुग्णांचा स्पर्श या साऱ्यांनाच विरोध होता. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदनाचे काम उभे राहिले, आणि पुढे संस्थेने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या व प्रसूतीशास्त्र शिकण्यासाठी पाठविण्यास प्रारंभ केला. त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृह चालविले. या वसतिगृहाचे महत्त्व फार मोठे आहे. नुसती शिष्यवृत्ती देऊन त्या स्त्रिया आल्या नसत्या. राहण्याची अब्रूची जागा, वडीलधाऱ्या स्त्रीची देखरेख आणि दोन वेळचे जेवण यांची हमी मिळाली तेव्हाच घरच्यांनी त्यांना पाठविले. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या बापाला आज हीच हमी हवी असते. काळ बदलला, पण मुलीला परगावी ठेवताना त्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न बदललेला नाही.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांसाठी कमी मुदतीचे, प्रमाणपत्राचे प्रशिक्षण सुरू झाले. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली होती. तिला माणूसबळ पुरविण्यासाठी १९५१ मध्ये पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयात सहाय्यक परिचारिका व प्रसाविका यांचा दोन वर्षांचा पहिला वर्ग निघाला. त्या वेळी सातवी-आठवी शिकलेल्या मुलींना प्रवेश मिळे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर ही कार्यकर्ती बहुउद्देशीय झाली. १९७७ पासून शालान्त परीक्षा उत्तीर्ण मुलींसाठी अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. त्या काळात केंद्राच्या कुटुंब कल्याण कार्यक्रमातून प्रशिक्षण शाळांना अनुदान व प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळत असे. रक्कम तुटपुंजी असली तरी तिने अनेक गरीब घरांचे दार उघडले. २०१२-१३ च्या सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा केला. अठरा महिने शिक्षण व सहा महिने प्रत्यक्ष सेवा अशी त्याची विभागणी असून प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक ठरले.

पात्रता वाढली ही गोष्ट इष्टच झाली. पण तिचा एक परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. पूर्वी दहावीनंतर लगेच शिकून अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मिळवती होणारी मुलगी आता वीस-एकवीस वर्षांची होईपर्यंत घरच्या मिळकतीवर अवलंबून असते. कोरडवाहू दोन एकर धान असलेल्या कुटुंबाला, तेंदूपाने व मोहफुले गोळा करणाऱ्या घराला, तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबाला किंवा दिवसभर विड्या वळणाऱ्या आईला ही तीन-चार वर्षे फार लांब वाटतात. मुलीच्या लग्नाची बोलणी याच काळात सुरू होतात. म्हणून या शिक्षणातील आर्थिक साहाय्य ही केवळ फी भरण्याची सोय राहत नाही. मुलगी शिकते आहे तोवर ती घराला भार नाही, एवढे दाखवून देण्याचे ते साधन असते.

शासनाच्या योजना यासाठी थोड्या नाहीत. सर्वांत जुनी योजना म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होय. अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. पुढे १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांनी याच भंडारा मतदारसंघातून उमेदवारी केली होती. त्या निवडणुकीत त्यांना यश आले नाही. परंतु जिल्ह्यातील किती मुली त्या शिष्यवृत्तीवर शिकून परिचारिका झाल्या, याचा हिशेब कोणी मांडला तर तो त्या निकालाहून निश्चितच अधिक बोलका ठरेल. अनुसूचित जातींसाठीच्या या योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्र व ४० टक्के राज्य उचलते, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. फी व परीक्षा शुल्काखेरीज जो शैक्षणिक भत्ता मिळतो तो अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. बारावी ही किमान पात्रता असलेले परिचर्या व पूरक वैद्यकीय अभ्यासक्रम दुसऱ्या गटात येतात. या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्यासाठी वर्षाला ९,५०० रुपये व घरून ये-जा करणाऱ्यासाठी ६,५०० रुपये भत्ता त्या नियमांत ठरविण्यात आला. म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या वाट्याला महिन्याला ८०० रुपयांहून थोडे कमीच पडतात. एवढ्यात खाणावळ भागत नाही, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी राज्याने २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला बाहेर खोली घेऊन शिकता यावे, हा तिचा हेतू. योजना सुरू झाली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यासाठी भोजनाकरिता २५,०००, निवासाकरिता १२,००० व निर्वाहाकरिता ६,००० असे वर्षाला ४३,००० रुपये ठरविण्यात आले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे व भंडारा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात तिची माहिती मिळते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्यानंतर आली. विडी कामगारांच्या पाल्यांना केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण योजनेतून स्वतंत्र शिष्यवृत्ती मिळते. तुमसर-मोहाडी भागातील अनेक विडी कामगार स्त्रियांना ही गोष्ट ठाऊकही नसते. तिच्यासाठी लागणारे कामगार ओळखपत्र त्यांच्या पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असते, ही विपरीत गोष्ट होय.

स्वाधार योजनेतील एक अट मात्र आधीच ध्यानी घ्यावी. बारावीनंतरचा अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा असता कामा नये, अशी ती अट आहे. दोन वर्षांचे सहाय्यक परिचारिका प्रशिक्षण तिच्यात बसते. सहा महिन्यांची वा वर्षभराची लहान प्रमाणपत्रे बसत नाहीत. अशा लहान अभ्यासक्रमांसाठी बँकांची कौशल्य कर्ज योजना आहे. २०१५ च्या योजनेत ५,००० ते दीड लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद होती आणि २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत नेण्यात आली. तथापि कर्ज हे कर्जच. शिष्यवृत्ती मिळण्याजोगी असताना कर्ज काढणे शहाणपणाचे नाही, आणि ज्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल की नाही याची खात्री नाही त्यासाठी ते काढणे तर मुळीच नाही.

श्रोतेहो, येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. राज्यातील अनेक लहान शहरांत "नर्सिंग" असा ठळक फलक लावून चालणारे, पण परिचर्या परिषदेची मान्यता नसलेले वर्ग आढळतात. वर्षभरात प्रमाणपत्र, गणवेश, टोपी, समारंभ सारे काही तेथे मिळते. मिळत नाही ती नोंदणी. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये राज्य परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज कोणालाही मान्यताप्राप्त परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मान्यता नसलेल्या वर्गातून बाहेर पडलेली मुलगी सरकारी भरतीला पात्र ठरत नाही, तिला शिष्यवृत्तीही मिळत नाही, आणि खाजगी दवाखान्यात ती मदतनिसाच्या पगारावर राबत राहते. घरची म्हैस विकून वा सावकाराकडून उचल घेऊन दिलेली तिची फी मात्र परत येत नाही. कोविडच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्र शासनाने एक लाख व्यक्तींना सहा प्रकारच्या साहाय्यक कामांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याची मोहीम हाती घेतली होती. त्या प्रशिक्षणाचा हेतू स्वच्छ होता व त्याचे नावही स्पष्ट होते: साहाय्यक. रुग्णाला उठविणे-बसविणे, नमुने गोळा करणे, उपकरणे सांभाळणे ही कामे प्रतिष्ठेचीच आहेत. परंतु साहाय्यकाचे प्रमाणपत्र व परिचारिकेचे प्रमाणपत्र यांतील फरक प्रवेशापूर्वी मुलीला आणि तिच्या पालकांना समजला पाहिजे. संस्थेचे नाव परिषदेच्या मान्य यादीत आहे काय आणि परीक्षा कोणते मंडळ घेते, हे दोन प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर विचारण्यात कोणताही संकोच नको.

मुलांचाही उल्लेख केला पाहिजे. सहाय्यक परिचारिका प्रशिक्षण स्त्रियांसाठी असले तरी प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह साहाय्यक, स्वच्छता निरीक्षक अशा अभ्यासक्रमांना मुलेही जातात. २०२४ मध्ये भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झाले. अशा संस्थेला डॉक्टरांइतकीच तंत्रज्ञांची गरज भासते. ही गरज जिल्ह्याबाहेरून भागविण्यापेक्षा जिल्ह्यातल्या तरुणांतून भागली तर ती टिकाऊ ठरेल.

पैशाचा प्रश्न सुटला तरी अभ्यासाचा उरतोच, आणि अनुभव असा की पहिल्या सहा महिन्यांत शाळा सोडून जाणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणी फीपायी नव्हे तर पुस्तकापायी जातात. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीला शरीररचनाशास्त्र व सूक्ष्मजंतुशास्त्र यांची ओळख दहावीच्या विज्ञानापुरतीच असते. शिक्षिका मराठीत शिकवितात, पण औषधांची नावे, रुग्णपत्रिका, डॉक्टरांच्या सूचना सारे इंग्रजीत असते. मिलिग्रॅम व मिलिलिटर यांचा गुणाकार चुकला तर परीक्षेत एक गुण जातो. वॉर्डात चुकला तर मूल दगावू शकते. म्हणून औषधाच्या मात्रेचे गणित हा या मुलींच्या शिक्षणातला सर्वांत गंभीर धडा समजला पाहिजे. यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. संध्याकाळी वसतिगृहात तासभर बसून ज्येष्ठ विद्यार्थिनींनी नव्या मुलींकडून ही गणिते करवून घेणे, नेहमी लागणाऱ्या दोनतीनशे इंग्रजी शब्दांची मराठी अर्थासह वही बनविणे, प्रत्येक संज्ञा आधी बोलीत समजावून मग तिचे पुस्तकी नाव सांगणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. माहेरच्या बोलीत शिकलेली गोष्ट वॉर्डात आठवते. पाठ केलेली गोष्ट घाईच्या वेळी नेमकी विसरते.

पुस्तकांची किंमत हीही अडचण आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात सामाजिक आरोग्य, आरोग्य संवर्धन, प्राथमिक आरोग्य परिचर्या, बाल आरोग्य, प्रसूतीशास्त्र व आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन असे विषय येतात. प्रत्येकीने सारी पुस्तके विकत घ्यावीत ही अपेक्षा अवास्तव आहे. उत्तीर्ण होऊन जाणाऱ्या तुकडीने आपली पुस्तके संस्थेच्या पेढीत ठेवावीत व येणाऱ्या तुकडीने ती वापरावीत, ही पद्धत जेथे आहे तेथे ती उत्तम चालते. गणवेश, बूट, कात्री, घड्याळ, प्रसूतीच्या नोंदीची वही यांचा खर्च मात्र टाळता येत नाही, आणि तो नेमका पहिल्याच महिन्यात येतो, जेव्हा शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा भरलेला नसतो. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा वर्ष सरत आल्यावर हाती पडते. या मधल्या सात-आठ महिन्यांच्या खिंडीत सर्वाधिक मुली अडकतात. गावच्या ग्रामपंचायतीने, महिला बचत गटाने किंवा सहकारी संस्थेने एखाद्या मुलीला या काळापुरते चारपाच हजार रुपये बिनव्याजी दिले आणि शिष्यवृत्ती येताच परत घेतले, तर एकाही नव्या योजनेची गरज न लागता ती मुलगी टिकते. देणगीची अपेक्षा येथे नाही. आठ महिन्यांच्या विश्वासाची आहे.

या शिक्षणात काय पणाला लागलेले असते, ते जिल्ह्याने एका रात्री पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात वाचली, दहा गेली. काही आगीत होरपळून गेली, काही धुराने गुदमरून. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. दोषाची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली, ती येथे पुन्हा करावयाची नाही. शिक्षणाच्या दृष्टीने त्यातून निघणारा प्रश्न असा की, अंधारात, धुरात, आपोआप बंद होणाऱ्या यंत्रांमध्ये एका परिचारिकेने कोणते बालक आधी उचलावे, कोणत्या दाराने बाहेर पडावे, विजेचा खटका कोठे असतो, विझविण्याच्या नळकांड्याची कळ कशी ओढावी, हे तिला कोणी हाताने करून दाखविले आहे काय? पुस्तकातले एक पान वाचून हे येत नाही. प्रशिक्षण संस्थेत वर्षातून दोन वेळा असा सराव व्हावा, अग्निशमन दलाच्या माणसाला बोलावून तो घ्यावा, आणि रात्रपाळीच्या वेळीही एकदा घ्यावा. विद्यार्थिनींना रात्रपाळीत ठेवावयाचे तर एका नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखालीच ठेवावे. रिक्त जागा भरून काढण्यासाठी शिकाऊ मुलींचे हात वापरणे हे शिक्षणाच्या नावाखाली चालणारे दुर्लक्ष होय. त्याची किंमत प्रथम रुग्णाला व मग त्या मुलीला मोजावी लागते.

अखेरच्या सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष सेवेबद्दलही दोन शब्द. या काळात मुलगी वसतिगृह सोडून ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात वा उपकेंद्रात जाते. सकाळी लसीकरण, दुपारी नोंदवह्या, रात्री-अपरात्री प्रसूती असा तिचा दिवस असतो. तिला तेथे राहण्याची सुरक्षित जागा आहे काय, मुख्यालयापासून खेड्यापर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे तिला मिळते काय, पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या पाण्याने वळसा पडलेल्या गावांकडे ती संध्याकाळी कशी जाणार, या बारीक गोष्टी ठरविणारा कोणी एक जबाबदार माणूस असला पाहिजे. बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी आरोग्य सहाय्यिका आपण होऊन उचलतात. अंगावर पंचवीस-तीस वर्षांच्या खेड्यातल्या नोकरीचा अनुभव घेतलेल्या या बायका नव्या मुलीला एका महिन्यात जे शिकवितात ते शाळेत वर्षात होत नाही. गर्भवतीच्या पायावरची सूज बोटाने दाबून पाहणे, घरातल्या सासूला आधी बसावयास सांगून मग सुनेशी बोलणे, लस देताना मूल आईच्या मांडीवर कसे धरावयाचे, हे त्या दाखवून देतात. त्यांच्या या शिकविण्याची कोठे नोंद होत नाही व त्याला भत्ताही नसतो. तो असावयास हवा.

आता यंदा प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी कागदपत्रांची गोष्ट. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून मिळतो. एका आर्थिक वर्षाचा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून तो जुना असेल तर एप्रिलमध्ये नवा काढावा. जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो. बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत प्रस्ताव पाठवावा. इतर मागासवर्गीयांना उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही हवे. बँकेतले खाते मुलीच्या स्वतःच्या नावाचे व आधार क्रमांकाशी जोडलेले असावे. अनेकदा शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खाते जोडलेले नसल्याने रक्कम परत जाते, आणि मुलगी समजते की शासनाने नाकारली. महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करताना दाखल्यावरचे नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव व आधारवरचे नाव एकच आहे ना, हे अक्षर अक्षर ताडून पाहावे. अर्ज भरल्यावर काम संपले असे मानू नये. तो संस्थेच्या लेखनिकाने पुढे पाठविला काय, हे पंधरा दिवसांनी विचारावे आणि महिनाभराने पुन्हा विचारावे.

बारावीचा निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो. त्या वेळी घरोघरी लग्नसराई असते, आणि त्यानंतर पऱ्हे टाकण्याची घाई. एकदा रोवणी लागली की तहसीलच्या रांगेत उभे राहण्यासाठी घरातले कोणीही मोकळे नसते, मजुरी बुडवून जाणे परवडत नाही. तेव्हा दाखले जमिनी तापलेल्या असतानाच, एप्रिलमध्ये, काढून ठेवावेत आणि त्यांच्या प्रत्येकी चार प्रती करून त्या मुलीच्याच हाती द्याव्यात.